नलू, मक्याने साक्ष दिली

नलू, तू जिंकलीस.

आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागून. कॉलेजच्या वार्षिकासाठी तुझ्यावर लेख द्या असं प्राचार्य म्हणाले तेव्हा त्यांनी सूचनाही केली, की सुरुवात जन्मगाव, शिक्षण, सेवाकाल अशी करावी. मी मान डोलावली आणि घरी आले. तुझं जन्मगाव तुला ठाऊक आहे. शिक्षण आपण दोघींनी एका बाकावर बसून घेतलं. आणि सेवाकालात तू काय काय केलंस ते खरोखर छापलं, तर घाम प्राचार्यांनाच फुटेल. तेव्हा ते राहू दे. माझ्याकडे तुझ्यासाठी बातमी आहे आणि ती पोटात ठेवून मला अन्न गोड लागेनासं झालंय.

शनिवारी मी मुंबईला आपल्या त्या ग्रंथालयात गेले. तुझं दिवसकार्य होऊन गेलं होतं, घरात करमत नव्हतं, आणि शनिवार आला की पाय आपोआप पनवेल स्टँडकडे वळतात. दादरची एस.टी. पकडली. सवयीने खिडकी तुझ्यासाठी सोडून कडेला बसले. कळंबोलीला एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चढली आणि सरळ तुझ्या जागेवर बसली. मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! त्या बिचारीचा काय दोष? पण आला.

ग्रंथालयात नव्या अंकांच्या मांडणीपाशी उभी राहून पानं चाळत होते. अर्धं लक्ष होतं, अर्धं नव्हतं. आणि एका अंकात मक्याच्या झाडावरचा एक लेख दिसला. नाव वाचलं. मग खालचा सारांश वाचला. परत वाचला. आणि भर ग्रंथालयात मी ओरडले, "अगं नलू, हे बघ!"

सगळी डोकी वर झाली. आपल्याला नेहमी "बाई, हळू" म्हणणारे ते चष्मेवाले ग्रंथपाल उठून आले. बोलायला तोंड उघडलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि विचारलं, "आज दुसऱ्या बाई नाही आल्या?"

मी म्हटलं, "नाही. पण काम त्यांचंच आहे. याची एक झेरॉक्स काढून द्या." ते झेरॉक्स काढायला स्वतः गेले.

झाडाचं स्वतःचं प्रथिन, नलू! विषाणूचं नव्हे. धडधाकट, निरोगी, कसलाही रोग नसलेल्या मक्याचं प्रथिन एका पेशीतून शेजारच्या पेशीत जातं, जाताना वाट रुंद करतं, आणि नुसतं स्वतः जात नाही, आपल्या जनुकाचा निरोपही बरोबर नेतं. तू सात-आठ वर्षं हेच घोकत होतीस. मी सात-आठ वर्षं तुला वेड्यात काढत होते.

आता इथे जरा थांबते. नाहीतर तू म्हणशील, "विदू, तू वर्गातही अशीच शेवटाकडून सुरू करतेस आणि मग मुलं माझ्याकडे येतात." हे वार्षिक वाणिज्य शाखेची मुलंही वाचणार. त्यांच्यासाठी तुझ्याच पद्धतीने, सावकाश सांगते.

झाडाचं पान म्हणजे एकमेकींना चिकटून बांधलेल्या घरांची वसाहत. प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत. पण या भिंती बंद नसतात. त्यांत अतिशय बारीक वाटा असतात. या वाटांनी साखर जाते, क्षार जातात, लहानसहान चीजवस्तूंची देवघेव चालू असते. मोठं काही त्यातून जात नाही. आता विषाणू. आपल्या डोळ्यांना तो दिसतही नाही, पण त्या वाटांच्या मानाने तो अगडबंब. तरीही होतं काय? पानाला कुठेतरी ओरखडा पडतो, त्यातून विषाणू एका पेशीत शिरतो, आणि थोड्याच दिवसांत शेंड्यापर्यंतची पानं पिवळट, चट्ट्यापट्ट्याची होतात. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. मग भिंतीमागून भिंत ओलांडून हा जातो कसा?

विषाणूकडे सामान फार थोडं असतं. मोजक्या प्रथिनांच्या पाककृती, बस्स. काही स्वतःच्या नकला काढण्यासाठी. एक अंगावरचा डगला शिवण्यासाठी. आणि आणखी एक, जिचा उपयोग कितीतरी वर्षं कुणाला कळत नव्हता. मग उलगडलं, की या प्रथिनाचं काम फक्त वाट मोकळी करण्याचं. ते बिघडलेलं असलं तर विषाणू पहिल्या पेशीत मजेत वाढतो, पण शेजारच्या घरात पाऊल टाकू शकत नाही. परदेशात कुणी पानाच्या एकेका पेशीत चमकणारे रंग टोचून पाहिले होते. एरवी जो रंग जागच्या जागी राहायचा, तो हे प्रथिन असलेल्या पानात शेजारी घसरत गेला. वाट खरंच रुंद झाली होती.

हे आपण पहिल्यांदा वाचलं ते परतीच्या एस.टी.त. आठवतं? सायनला गाडी तुंबलेली, झेरॉक्स तुझ्या मांडीवर, आणि तू इतक्या मोठ्याने वाचत होतीस की पुढच्या दोन रांगा वळून बघत होत्या. "एका पेशीतून दुसरीत, विदू! दार उघडून! तोडून नाही, उघडून!" समोरचे एक आजोबा कळवळून म्हणाले, "कोण आजारी आहे हो बाई? कुठे ठेवलंय?" तू त्यांच्याकडे वळून तितक्याच जोरात म्हणालीस, "तंबाखूचं झाड, काका." त्यांनी हात जोडले आणि खिडकीकडे तोंड केलं. वाशीचा पूल येईपर्यंत मी पदर तोंडात कोंबून हसत होते.

आणि त्याच पुलावर आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "काय हुशार चोर आहे! स्वतःची किल्ली घेऊन येतो."

तू म्हणालीस, "किल्ली आली म्हणजे कुलूप आधीपासून होतं. त्या दाराची किल्ली झाडाकडेही असणारच. झाडाला लागल्याशिवाय झाड असलं दार ठेवेल कशाला? विषाणू घरच्यांचंच बघून शिकलाय."

"पुरावा?"

"येईल."

"आला की बघू."

पनवेलला उतरेपर्यंत आपण एकमेकींशी बोलत नव्हतो. रिक्षात बसल्यावर तू पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्यापुढे धरलेस. म्हणजे भांडण मिटलं नव्हतं, फक्त भूक लागली होती.

आपल्या खांदा कॉलनीतल्या घरांच्या मागच्या भिंतीची गोष्ट इथे आलीच पाहिजे, कारण अर्धं भांडण त्या भिंतीवरच झालं. माझं परस आणि तुझं परस यांच्यामध्ये एकच विटांची भिंत. बांधणाऱ्यांनी घाईत उरकलेली, त्यामुळे कमरेच्या उंचीवरची एक वीट आपण राहायला आलो त्याच वर्षी निघून पडली. त्या भोकातून वाटी जायची. तुझ्याकडचं वालाचं बिरडं माझ्याकडे, माझ्याकडचं लिंबाचं लोणचं तुझ्याकडे. आणि रिकामं भांडं परत जायचं नाही, हा तुझ्या सासूबाईंचा, म्हणजे आयचा, नियम. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं द्यायचं नाही. एकदा माझ्याकडे साखरही नव्हती तेव्हा मी कढीपत्ता घालून वाटी दिली, तर पलीकडून आयचा आवाज आला, "बाय, पाला नको धाडू गो, आमी काय शेल्या हाव?" मी त्या वेळी हसून घेतलं. आज आठवलं आणि पुन्हा हसू आलं. मग रडूही आलं.

माझा पाय मोडला त्या वर्षी मला दोन्ही वेळचं जेवण तुझ्याकडून यायचं. वाटीने काय होणार? मोठा डबा भोकातून जाईना. तर आयने पहार आणली आणि शेजारची वीट सैल करून काढली. माझा पाय बरा झाल्यावर तीच वीट तिने परत बसवली, पण गिलावा न करता, नुसती. गरज पडली की काढायची, काम झालं की लावायची. गटारीचे दिवस, सणाचे दिवस, पाहुणे आले, की वीट निघायची. तू मला पुन्हा पुन्हा म्हणायचीस, "बघ, वीट कुणी काढली? आतल्या माणसाने. स्वतःच्या हाताने. झाडाचं ते प्रथिन म्हणजे आय आहे."

मी म्हणायचे, "आणि विषाणू म्हणजे मी का? फुकट जेवणारी?"

"ते मी म्हटलेलं नाही. पण तुला पटत असेल तर घे."

त्या मिरच्यांचा तमाशा तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू भिंतीलगत मिरची आणि टोमॅटो लावलेस. पानं आकसली, चट्टे पडले, मिरच्या वाकड्या आल्या. आपण दोघी एम.एस्सी. झालेल्या, विषाणूंवर तासन्‌तास बोलणाऱ्या, आख्खा हंगाम रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीच्या मागे लागलो. पिवळे चिकट पत्रे टांगले, निंबोळीचा अर्क फवारला. माशी कमी झाली, रोग वाढला. आणि एक दिवस तू परसात उभी राहून नुसती बघत होतीस. आय जेवण झाल्यावर चंची सोडून तंबाखू मळत होती. चुना लावून, चोळून, तोंडात टाकला. मग त्याच बोटांनी शेंडे खुडत, पिकली पानं काढत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तुझा चेहरा मी भोकातून पाहत होते. तू भिंतीपाशी धावत आलीस आणि कुजबुजलीस, "विदू, माशी नव्हे. आय!"

तंबाखूवर चट्टे पाडणारा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही तग धरून राहतो आणि तोच मिरची-टोमॅटोलाही लागतो, हे आपण दरवर्षी मुलांना शिकवत होतो. घरात कुणी खातं याचा विचारच डोक्यात आला नाही. पुस्तकातला तंबाखू वेगळा आणि आयच्या चंचीतला वेगळा, असंच जणू आपण धरून चाललो होतो.

पण तू अशी नुसत्या संशयावर थांबणारी नव्हेस. तू आयच्या चंचीतून चिमूटभर तंबाखू लांबवलास. कॉलेजच्या गच्चीवर डब्यांत लावलेला धोतरा होता, हा विषाणू शिरला की पानावर ठिपके दाखवणारा. तंबाखू पाण्यात भिजवून वाटला. पानाला बारीक ओरखडे पाडायला जी खास पूड लागते ती आपल्या प्रयोगशाळेत कधीच नव्हती, म्हणून तू घरून रांगोळी वस्त्रगाळ करून आणलीस. पानावर रांगोळी भुरभुरवली, अर्कात बोट बुडवून हलक्या हाताने चोळलं, पाण्याने धुतलं. अर्ध्या पानाला अर्क, अर्ध्याला नुसतं पाणी. मग वाट बघणं. त्या दिवसांत तू दर मधल्या सुट्टीत गच्चीवर. आणि एका दुपारी माझा तास चालू असताना दारातून डोकं आत घालून म्हणालीस, "मॅडम, जरा वर येता का?" माझ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पानाच्या अर्कवाल्या बाजूवर तांबूस ठिपके, सुबक, वेगवेगळे, मोहरीएवढे. पाण्याची बाजू हिरवीगार. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठला. मला तो वळ हवा होता गं अजून.

त्या ठिपक्यांवरूनही आपण भांडलोच. धोतऱ्याचं पान काय करतं, विषाणू शिरला की आजूबाजूच्या आपल्याच पेशी मारून टाकतं, म्हणजे त्याला पुढे जायला जागाच उरत नाही. म्हणून तो ठिपक्यातच अडकतो. तू म्हणालीस, "बघ, घरच्यांना दार बंद करता येतं. ज्यांना बंद करता येतं त्यांना उघडताही येत असणार." मी म्हटलं, "घर जाळून टाकणं म्हणजे दार लावणं नव्हे, नलिनीबाई." तू खवळलीस. खवळलीस की तुझी भाषा उलव्याकडच्या माहेरगावात पोचायची. "नाय म्हंजे नाय. तुमी सगले झाडाला बिचारा समजतंव."

तुला हे "बिचारं" सहन व्हायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या माहेरची मिठागरं गेली, शेतं गेली, न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर तुमच्या आंगणावरून जायला लागले. कुणी भेटलं की आधी हळहळायचं, "तुमचं बिचाऱ्यांचं सगळंच गेलं हो." मी एकदा थट्टेत म्हणाले, "तुझ्या गावाचा रस्ता कंटेनरने रुंद केला, गावाने नाही. आणि तरी तू चोराची बाजू घेतेस?" तू आवाज न चढवता म्हणालीस, "चोराची बाजू नाही घेत मी. घराची घेते. कंटेनर यायच्या आधीही आमच्या गावाला रस्ता होता, विदू. वरात यायची, मिठाची गाडी जायची. त्या रस्त्याचं कुणी नावच काढत नाही. झाडाच्या पेशी एकमेकींशी काहीतरी बोलत असणार. आपल्याला मात्र फक्त चोराचे पाय ऐकू येतात."

त्या दिवशी तुला हो म्हणावंसं वाटलं होतं. पण पुराव्याशिवाय हो म्हटलं असतं तर तूच मला झाडलं असतंस.

आता आयच्या हातांचं. झाडांना हात लावण्याआधी हात दुधात बुडवले तर हा विषाणू हातावरून झाडाला सहसा लागत नाही, असं तू वाचलंस. झालं! तू वाडग्यात दूध घेऊन आयपुढे गेलीस. मी भिंतीला कान लावून होते.

"आय, झाडांना हात लावायच्या आधी यात हात बुडवायचे."

"दूध? हाताव? पोरांच्या तोंडचा दूध मिरचीला? सिकून सिकून येडी झालंस का गो?"

"तुमच्या तंबाखूमुळे झाडं आजारी पडतात."

"तंबाकू मी खातंय, न रोग झाडाला? मंग मना कसा नाय झाला? मी हाय ना धडधाकट!"

या युक्तिवादावर तुझ्याकडे उत्तर होतं, पण हसू आवरेना म्हणून देता आलं नाही. पुढे वर्षानुवर्षं तेच. तू हंगामाच्या सुरुवातीला वाडगा ठेवायचीस, आय ते दूध मांजराला घालायची आणि सुक्या हाताने शेंडे खुडायची. मिरच्या वाकड्याच यायच्या. तू दुसऱ्या दिवशी परत वाडगा ठेवायचीस. आय मला भोकातून म्हणायची, "तुजे मैत्रिणीला सांग, दूध नासतंय." मी निरोप द्यायचे. तू म्हणायचीस, "सांग, झाडंही नासताहेत." दोघीही एका घरात राहत होतात, तरी निरोप माझ्यामार्फत.

हॉस्पिटलात मी शेवटची आले तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस. कावीळ इतकी चढलेली, की मला बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, आज वर्गात विषाणूंच्या प्रसाराचा धडा घेतला. तू डोळे न उघडता विचारलंस, "काय शिकवलंस? चोर की घर?"

"चोर," मी म्हटलं. "पुरावा त्याचाच आहे."

"येईल."

"आला तर तुझा डबा भरून आणीन."

"काय भरशील?"

"तू सांगशील ते."

"नारळीभात. लवंग कमी." मला वाटलं झोपलीस. तर म्हणालीस, "रिकामा आणू नकोस. आय ओरडेल."

तुझा तो डबा, झाकणावर तुझं लग्नात घातलेलं नाव असलेला, माझ्याकडेच होता. तुला ताप येण्याच्या आदल्या दिवशी तू त्यातून मला बिरडं दिलं होतंस. तू गेलीस. तुमच्याकडचे दिवस होईपर्यंत आम्ही पिठलं-भात पुढच्या दाराने, आमच्या भांड्यांत आणत राहिलो, आणि तुझा डबा माझ्या फळीवर बसून राहिला. रोज घासायची, रोज पुसायची, रोज परत ठेवायची. रिकामा देता येत नव्हता. भरायला मन होत नव्हतं. भिंतीतली दोन्ही भोकं बंद होती. आयने आपल्या बाजूने विटा लावून घेतल्या होत्या आणि मलाही त्यांवर टकटक करायचा धीर झाला नाही.

पण आता कसला धीर नि कसलं काय, आता तर पुरावा आला! काल सकाळी उठले आणि नारळ फोडला. तांदूळ भिजवले, गूळ चिरला, केशर दुधात घातलं. लवंगा दोनच घातल्या, मला जास्त आवडत असूनही. भात शिजत असताना मी चुलीपुढे उभी राहून ती झेरॉक्स तुला मोठ्याने वाचून दाखवत होते. घरचे म्हणाले, बाई बरी आहेस ना? मी म्हटलं, फार बरी आहे. आणि खरंच होते, नलू. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला पूर्ण श्वास आला होता. तू तिथे उसळून "बघ!" म्हणशील, तुझा तो दंड धरणारा हात येईल, असं वाटत होतं. त्या वाटण्यात दुःख होतं, पण आनंद त्याहून जास्त होता. माझी मैत्रीण बरोबर होती. साऱ्या जगाला कळायच्या आधी, वाशीच्या पुलावर, शेंगदाण्यांची पिशवी मांडीवर घेऊन बरोबर होती.

डबा भरला, झाकण लावलं, परसात गेले आणि विटेवर टकटक केली.

पलीकडे पावलं थांबली. मग आयचा आवाज आला. "कोन? बाय?"

"हो, आय. डबा आहे. मोठा आहे."

"थांब गो. ईट काडतंय."

वीट घासत मागे गेली. मग दुसरी. आतून. ही तुझी आवडती गोष्ट तुझ्यावाचून घडत होती आणि मला हसावं की काय करावं कळेना. भोकातून मला तुझी झाडं दिसली. कुणीतरी या वर्षीही मिरची लावली होती. रोपं लहान होती, पण ताठ.

"काय आनलंस?" आयने विचारलं.

"नारळीभात. नलू जिंकली, आय."

"कोनाशी?"

"माझ्याशी."

"मंग त्यात नवा काय हाय?" आय म्हणाली, आणि डबा घ्यायला हात पुढे केले.

हात ओले होते. मनगटापर्यंत पांढरे. बोटांवरून थेंब विटेवर पडत होते. मी बघत राहिले. आय ओशाळली. हात मागे घेऊन तिने पदराला पुसायला घेतले, मग पुसलेच नाहीत.

"दूध हाय," ती म्हणाली. "तिची झाडां हायत ना."

तिने डबा ओढून घेतला. झाकणावर, तुझ्या नावावर, तिच्या बोटांचे दुधाचे ठसे उमटले होते.